पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, म्हणजे सिद्ध झालं?

शोधक :
मानसशास्त्रात आकडेवारीला नको इतका मान मिळालाय, असं माझं स्पष्ट मत आहे. २०११ साली मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोगांच्या जोरावर माणसाला भविष्याची चाहूल लागते असा दावा केला आणि तो एका नामांकित नियतकालिकात छापूनही आला. सांख्यिकीच्या चाचण्या सगळे वापरतात त्याच : पी-व्हॅल्यू, म्हणजे परिणाम मुळात नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका ठळक निकाल येण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली आली की निकाल 'लक्षणीय' मानायचा. पुढे मानसशास्त्रातले १०० अभ्यास नव्याने करून पाहिले गेले, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल 'लक्षणीय' होता, नव्याने केल्यावर जेमतेम ३६ टक्क्यांत. एवढ्या तकलादू पायावर मनाबद्दल ठाम विधानं कशी करायची?

सांख्यिक :
दोष आकड्यांचा की ते वाकवणाऱ्यांचा? २०११ मध्येच सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन या संशोधकांनी एक गाणं ऐकल्याने माणसाचं वय दीड वर्षाने कमी होतं हे मुद्दाम 'सिद्ध' करून दाखवलं. युक्ती साधी : बऱ्याच गोष्टी मोजायच्या, जमली तेवढीच सांगायची, मध्येच निकाल पाहायचा, मनासारखा आला की माणसं घेणं थांबवायचं. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर नसलेला परिणाम 'सापडण्याची' ५ टक्क्यांची शक्यता ६० टक्क्यांवर जाते, हा हिशोबही त्यांनीच मांडला. चोरी पकडली ती सांख्यिकीनेच!

समुपदेशक :
माझी अडचण वेगळीच आहे. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. दोघांची बेरीज १२ येते. एकाची झोप-भूक उडालेली, दुसऱ्याच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार. बेरजेत हे दोघे सारखेच! समोरच्या माणसाला सरासरीत कसं बसवू?

सांख्यिक :
बसवूच नका. नववा प्रश्न आत्मघाताच्या विचारांचा आहे; तिथे शून्याहून जास्त गुण आले तर एकूण कितीही असोत, वेगळी चौकशी करायची असते. पण निव्वळ अनुभवावर भिस्त नको. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्येच दाखवलं, की अंदाज बांधताना साधं सूत्रही बहुतेक वेळा तज्ज्ञांच्या तोडीस तोड किंवा सरस ठरतं.

शोधक :
मील यांचा मुद्दा मान्य. पण ०.०५ ची ती रेघ पुसा. परिणाम आहे की नाही एवढ्यावर न थांबता किती मोठा आहे ते लिहा, आणि गृहीतक व नमुन्याचा आकार माहिती गोळा करण्याआधीच नोंदवा. त्याशिवाय मी कुठलाही 'लक्षणीय' निकाल मानणार नाही.

सांख्यिक :
आधी नोंदणी हवीच, त्यात दुमत नाही. रेघ मात्र राहू दे. ती गेली की जो तो आपल्या सोयीने निकाल लावेल.