मदत हवी आहे: गोष्टीच्या गेममधली आजी दर चित्रात बदलतेय

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. आम्ही दोघं मित्र मोबाईलसाठी गोष्टीचा गेम करतोय. खेळणारा पर्याय निवडेल तशी गोष्ट वळते आणि त्या प्रसंगाचं चित्र एआय काढतं. नायिका नरसम्मा: साठीची, मागावर बसणारी, अंगावर इरकल, कपाळाला ठसठशीत कुंकू.

पहिलं चित्र झकास. पुढच्या प्रसंगात बाई तिशीची होते, इरकलीचा लेहंगा होतो! सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तर नंदीध्वज (मिरवणुकीतले उंच मानाचे ध्वज) पेलणाऱ्यांना पांढऱ्या बाराबंदीऐवजी शेरवानी. आणि मागावर आडवा धागा नेणारा धोटा? तो केळ्यासारखा येतो.

चित्रांसाठी स्टेबल डिफ्यूजन हे एआय मॉडेल वापरतोय. सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) तोच ठेवला तरी प्रॉम्प्ट (चित्राचं लेखी वर्णन) बदलला की चेहरा बदलतो, म्हणजे नुसत्या सीडवर भागणार नाही. मग आयपी-अडॅप्टरला (दिलेल्या चित्राबरहुकूम काढायला लावणारी जोड) एक संदर्भचित्र द्यावं, की मित्राने हाताने काढलेल्या पंधरा-वीस चित्रांवर लोरा (मॉडेलला आपलं पात्र शिकवणारी छोटी जोड-फाईल) ट्रेन करावा? माझा कल लोराकडे आहे, पण ग्राफिक्स कार्ड आठ जीबीचंच. मागावर बसण्याची ढब कंट्रोलनेटने (चित्रातली ठेवण पक्की करणारी जोड) धरता येते म्हणे. लोरासोबत कुणी चालवून पाहिलंय का? दोन्हींचा जोर किती ठेवला, तेवढं सांगा.