मदत हवी आहे : काल्पनिक नगराची लोकसंख्या पटेल अशी कशी बेतावी?

सप्रेम नमस्कार. जळगावातील आमच्या मित्रमंडळासाठी मी फासे टाकून खेळायच्या एका अद्भुतरम्य भूमिकाखेळाचे (प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन खेळतो, तशा खेळाचे) जग रचत आहे. त्यातले मुख्य नगर बेतताना फारुकी सुलतानांचे बुऱ्हाणपूर डोळ्यांसमोर ठेवले आहे, कारण दारात तापी, जवळच असीरगड आणि उत्तर-दक्षिण व्यापाराची वाट असल्यावर नगर नेमके तिथेच का वसले, हा प्रश्न उरत नाही.

अडचण आकड्यांची आहे. माणशी वर्षाला सुमारे २०० किलो धान्य धरले, तर २०,००० वस्तीला ४,००० टन लागते. लमाणांच्या बैलाच्या पाठीवर एका खेपेला १०० किलो लादले, तर वर्षाकाठी ४०,००० खेपा वेशीतून आत यायला हव्यात. एका नगरवासीयामागे नऊ शेतकरी, हे माझे प्रमाण काळ्या कसदार जमिनीसाठी जास्त होते का? पाण्याचे मात्र ठरले आहे : मोगलांनी बुऱ्हाणपुरात केले तसे, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांतून आणणार.

दुसरा प्रश्न कारागिरांचा. घोड्याला नाल कुठे ठोकून मिळेल, असे खेळाडू हटकून विचारतात (लढाईपेक्षा त्यांना बाजारच प्रिय!). गावगाड्याचे बलुतेदार मला ठाऊक आहेत, परंतु विणकर, रंगारी, तेली, सराफ यांचे नगरातील प्रमाण कसे ठरवावे? शिवाय सारंगखेड्यासारखी घोडेबाजाराची यात्रा भरल्यावर फुगणारी वस्ती मोजणीत कशी धरावी? जाणकारांनी आपली पद्धत उदाहरणासह सांगावी, ही विनंती.