खुफूच्या नौकेचं मॉडेल, फळ्या शिवायला मदत हवी आहे

मंडळी, लेकीबरोबर खुफू राजाच्या नौकेचं मॉडेल करतोय, १९५४ ला गिझाच्या मोठ्या पिरॅमिडशेजारी खड्ड्यात सापडली ती, सुटे १२२४ तुकडे होते, बहुतेक लेबनॉनचं देवदार. मूळ नौका जवळपास ४३ मीटर म्हणून आम्ही ४३ सेंमी धरलीये. लेक म्हणते खिळा नको, फेविकॉलपण नको, कारण त्या लोकांनी फळ्या चक्क दोराने शिवल्या होत्या आणि भोकं फक्त आतल्या बाजूने, बाहेरून एकही नाही म्हणजे तिथून पाणी शिरायला वाटच नाही, काय डोकं असेल! पण आमची पातळ फळी तिरकं भोक पाडायला गेलं की चिरतेच. कुणी असं काम केलंय का? लाकूड कुठलं घेऊ, दोरा सुती की काथ्याचा? प्लीज सांगा, तिला ती पाण्यात सोडून बघायचीये.