मदत हवी आहे: सरकारी बँकांना दिलेल्या भांडवलाचा खरा खर्च कोणता मानावा?

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. गेल्या महिन्यात येथील वाचनालयात शेतीकर्जावर बोलत असताना पुढच्या रांगेतील एका वयस्क शेतकऱ्यांनी उभे राहून विचारले, "सर, आमच्या कर्जमाफीचा हिशोब सगळेच मांडतात, बँकांना दिलेल्या पैशाचा कोण मांडतो?" पुढच्या व्याख्यानात उत्तर देण्याचे मी कबूल केले आहे आणि ते उत्तर चोख असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

2016-17 ते 2020-21 या पाच वर्षांत केंद्र सरकारने सरकारी बँकांत 3,10,997 कोटी रुपयांचे भांडवल घातले. महाराष्ट्र शासनाने 2017 साली जाहीर केलेली कर्जमाफी सुमारे 34 हजार कोटींची होती. वहीत हे आकडे शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा क्षणभर उत्तर सापडल्यासारखे वाटले. पण एक खर्च केंद्राचा, दुसरा राज्याचा, आणि पहिल्याच्या बदल्यात सरकारला समभाग मिळालेले. शिवाय कर्जमाफीची रक्कम शेतकऱ्याच्या हाती पडत नाही, ती त्याच्या कर्जखात्यावर, म्हणजे बँकेतच जमा होते. मग तिलाही काही अंशी बँकांचीच मदत म्हणायला नको का?

खरी अडचण रोख्यांची आहे. वरील रकमेपैकी 2,76,000 कोटी फेरभांडवलीकरण रोख्यांतून, म्हणजे बँकांना भांडवल पुरवण्यासाठी सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांतून आले. बँकेने आपल्याकडील पैशातून सरकारचे रोखे घ्यायचे आणि सरकारने तीच रक्कम भांडवल म्हणून त्या बँकेत घालायची, अशी ही रचना असल्यामुळे मुद्दल राजकोषीय तुटीत, म्हणजे सरकारच्या उत्पन्नापेक्षा जास्त झालेल्या खर्चात, दिसत नाही. व्याज मात्र दरवर्षी अंदाजपत्रकातून जाते. 2020-21 मधील 20 हजार कोटींचे रोखे बिनव्याजी होते. ते वगळून उरलेल्यांवर 7 टक्के धरले, तर वर्षाला सुमारे 18 हजार कोटी होतात. 2020-21 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात मध्यान्ह भोजनासाठी 11 हजार कोटींची तरतूद होती. वाचनालयाला लागून जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे दुपारी खिचडीच्या पातेल्यापुढे ताटल्या घेऊन मुलांची रांग लागते, ती पाहिली की हा फरक मला नुसता आकडा वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2023-24 मध्ये सरकारी बँकांचा एकत्रित नफा 1.4 लाख कोटींच्या आसपास गेला आणि सरकारला लाभांश मिळू लागला. बँका बुडू दिल्या असत्या, तर ठेवीदारांचे पैसे अडकले असते; फेब्रुवारी 2020 पर्यंत एका बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या ठेवींना विमा होता तो फक्त 1 लाखाचा, हेही विसरता येत नाही.

जाणकारांना विनंती आहे, की सामान्य श्रोत्यांपुढे खर्च म्हणून मुद्दल सांगावे की वार्षिक व्याज? व्याज सांगितल्यास त्यातून लाभांश वजा करणे योग्य ठरेल का? आणि रोखेनिहाय व्याजदर अंदाजपत्रकाच्या नेमक्या कोणत्या दस्तऐवजात पाहावेत?