सहावी ते आठवीच्या समूहगानाला गाणी कशी निवडायची? निम्म्या मुलग्यांचे आवाज फुटतायत

पेटीवाली_बाई
नमस्कार मंडळी, जरा अडलेय. शाळेत सहावी ते आठवीची मिळून ३४ मुलं आहेत, त्यात ११ मुलगे, आणि सात आठवड्यांनी तीन गाणी स्टेजवर गायची आहेत. मी मला आवडतं म्हणून एक जुनं भावगीत घेतलं आणि तिथंच फसले. ते मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) पार तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) जातं. काळी एक पट्टीत (पेटीवरची ती पट्टी सा धरून) घेतलं तर वर सगळे किंचाळतात, पांढरी सहावर उतरवलं तर मुलींना खालचा पंचम लागत नाही. आठवीतला एक मुलगा, मागच्या वर्षी सगळ्यात गोड गळा होता त्याचा, काल अंतऱ्याला आवाज चिरकला तर बाकीचे हसले, आणि आज तो नुसते ओठ हलवत उभा होता. मी बघितलं पण काही बोलले नाही. मुलग्यांना बाजूला ठेवून फक्त मुलींकडून गाऊन घ्या असं एकजण म्हणाले, ते मला पटत नाहीये. गाणं निवडताना नक्की काय बघायचं?

मंद्र_सप्तक
बाई, त्या काकांचं अजिबात ऐकू नका. या वयात एकदा मुलाला बाजूला बसवलं की तो पुन्हा गायला येत नाही, हे मी बरीच वर्षं बघतोय.

आधी गाणं नाही, आधी मुलं. प्रत्येकाला एकेकट्याला पेटीजवळ बोलवा (सगळ्यांसमोर नको!!), सोपी सा-रे-ग-रे-सा अशी ओळ म्हणायला लावा आणि एकेक सूर वर, मग एकेक सूर खाली सरकवत जा. आरामात कुठून कुठपर्यंत जातो ते वहीत लिहा, एका मुलाला दोन मिनिटं लागतात. माझ्या वर्गात असं केलं तेव्हा कळलं की आवाज बदलत असलेल्या मुलांकडे पाच-सहाच सूर धड शिल्लक होते, पण ते सूर एकदम पक्के होते. मुलग्यांचं स्वरयंत्र या वयात झपाट्यानं वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज शेवटी साधारण एक सप्तक खाली येऊन बसतो, मधल्या काळात मेंदूला नवीन गळ्याचा अंदाजच नसतो म्हणून तो चिरकतो. मुलींचाही बदलतो बरं का, फक्त दोन-तीन सुरांनी, आणि मधेच हवा सुटल्यासारखा लागतो, त्याला आपण उगाच 'लक्ष देत नाही' म्हणतो.

आणि तुमचं भावगीत पावणेदोन सप्तकांचं आहे. ते एका कसलेल्या गळ्यासाठी केलेलं आहे, ३४ गळ्यांसाठी नाही. या वयाला फार तर एक सप्तक आणि वर एखादा सूर, बास. त्यातही टोकाचा सूर एकदा येऊन गेला तर चालतं, पण गाणं बहुतेक वेळ कुठं रेंगाळतं ते बघा. सगळा अंतरा तार षड्जाच्या (वरच्या सा) आसपास घुटमळत असेल तर मुलं दुसऱ्या कडव्यालाच थकतात आणि सूर खाली घसरतो.

तिसरा_अंतरा
वरच्यांना +१. माझी भर गाण्याच्या बांधणीबद्दल.

तीन आवाजांचं वगैरे काही घेऊ नका, सात आठवड्यांत होत नाही. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एकच चाल दोन गटांनी मागेपुढे गायची, दुसरा गट एक आवर्तन (तालाचा एक फेरा) उशिरा उठतो. यासाठी भूप रागासारख्या पाच सुरांतली चाल शोधा. भूपात मध्यम आणि निषाद नसल्यानं अर्ध्या सुराची टक्कर होतच नाही, दोन गट कुठेही एकमेकांवर आले तरी कानाला गोडच लागतं. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२-१९६७) यांच्या शिक्षणपद्धतीत मुलांची सुरुवात अशाच पाच सुरांच्या लोकगीतांनी होते, ते उगाच नाही.

दुसरं, तुमच्या त्या ११ जणांसाठी वेगळी ओळ बांधा. त्यांच्या पाच सुरांत बसणारी, धृवपदातलेच दोन शब्द घेऊन सा-प-ध-प अशी फिरत राहणारी. ऐकायला भक्कम वाटते आणि मुलांना वाटतं आपण पाया धरलाय. मात्र गटांना 'मुलगे' आणि 'मुली' म्हणू नका, वरची ओळ आणि खालची ओळ म्हणा, कारण सहावीतले काही मुलगे अजून मुलींइतकेच वर गातात आणि एखादी मुलगी खालच्या ओळीत खुश असते.

मुरक्या, मींड, ताना अशी गळ्याची कलाकुसर सरळ काढून टाका. एकट्याच्या गळ्यात दागिना वाटतो, ३४ जणांत नुसता चिखल होतो.

वर्गशिक्षक_८ब
मी गाण्यातला नाही, पण शब्दांबद्दल सांगतो. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना चिमणी-फुलपाखरू छाप गाणं दिलं तर लाजेनं मरतात, आणि प्रेमगीत दिलं तर खिदळतात, दोन्हीकडून मार. पाऊस, रस्ता, प्रवास, मैत्री, थोडं मिश्कील काही, असं चालतं. मी चार गाण्यांचे शब्द नुसते वाचून दाखवतो आणि कागदावर मत घेतो. चारही तुम्हीच निवडलेली असतात, त्यामुळे धोका नाही 😄

आणि एक सांगतो, सगळंच सोपं नका देऊ. तीनातलं एक तरी असं हवं की पहिल्या दिवशी 'हे आपल्याला जमणार नाही' वाटेल.

तिसरा_अंतरा
@वर्गशिक्षक_८ब अवघड द्या, पण अवघड लयीत किंवा शब्दांत द्या, उंचीत नको.

हो, शब्दांवरून आठवलं, वरच्या सुरावर कुठला स्वर येतोय ते तपासा. तिथं 'आ' किंवा 'ओ' असेल तर गळा उघडतो, 'ई' आला की आवळतो आणि किंचाळी ऐकू येते. आणि द्रुत लयीत जोडाक्षरांची रांग असली तर मागच्या ओळीला एक शब्द कळत नाही.

मंद्र_सप्तक
रेडीमेड ट्रॅकवर गाणार असाल तर पट्टी आधी बघा. ट्रॅक अॅपमध्ये एक-दोन सूर खाली-वर होतो, जास्त ओढला की वाद्यं पत्र्यासारखी वाजतात. पेटी-तबला असेल तर उत्तमच, आयत्या वेळी अर्धा सूर खाली घेता येतो. आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात मुलग्यांचे सूर परत तपासा, सात आठवड्यांत एखाद्याचा गळा चांगलाच खाली गेलेला असतो.

पेटीवाली_बाई
सगळ्यांचे खूप आभार. भावगीत काढून टाकलं, जीवावर आलं पण काढलं. दोन दिवसांत सगळ्यांचे सूर वहीत उतरवले. आठवीतल्या त्या मुलाला मधल्या सुट्टीत एकट्याला बोलावलं, आधी नाहीच म्हणत होता, मग दार लावून घेतलं तेव्हा गायला. खाली मस्त लागतोय, मधे तीन सूर गायबच आहेत. खालच्या ओळीत ते तीन सूर येणारच नाहीत अशी बांधतेय. पाच सुरांची एक चाल मिळालीये, केरव्यात (आठ मात्रांचा ताल) आहे, पण दुसरा गट आठ मात्रांनी उठवू की सोळा? आठवर उठवलं तर पहिल्या गटाचं 'आ' दुसऱ्यांच्या शब्दांवर येतंय.

तिसरा_अंतरा
सोळा. आणि पहिले दोन आठवडे दोन्ही गट खोलीच्या दोन टोकांना उभे करा, शेजारी उभे केले तर सगळे एकाच गटात जाऊन मिसळतात.