'विथ' म्हणजे 'सोबत' की 'विरुद्ध'? मुलांना मूळ अर्थ सांगावा का?

फळा_खडू
परवा आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं, 'द मराठाज फॉट विथ द मुघल्स'. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मराठे मोगलांच्या बाजूने लढले?" तिचं काय चुकलं? 'विथ म्हणजे सोबत' हे आपणच तिच्याकडून घोकून घेतलंय.

मग दहा मिनिटं त्या शब्दालाच दिली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'विथ'चा मुख्य अर्थ 'विरुद्ध', 'समोर' असा होता. सोबतीसाठी 'मिड' हा वेगळा शब्द होता, जर्मन 'मिट'चा सख्खा भाऊ. 'बेओवुल्फ' या जुन्या काव्यात नायक म्हणतो की ग्रेंडेल राक्षसाचा निकाल मी एकटा लावीन. तिथे 'विथ ग्रेंडेल' असंच आहे. पुढे 'विथ'ने 'मिड'ची जागा घेतली. 'मिड' उरला तो 'मिडवाइफ'मध्ये, म्हणजे बाईच्या सोबत असणारी सुईण. (मिडनाइटमधला मिड वेगळा.) जुना 'विरुद्ध' अजून 'विदस्टँड'मध्ये, म्हणजे एखाद्यासमोर टिकून राहण्यात आहे. बँकेत पैसे काढायची विदड्रॉवल स्लिप भरतो, तिथल्या 'विथ'चा अर्थ 'मागे, दूर'.

वर्ग एकदम गप्प होऊन ऐकत होता. माझं मत ठाम आहे, हे शिकवायलाच हवं.

शिकवणीवाली_ताई
सर, तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. शब्द हजार वर्षांपूर्वी काय होता यावरून तो आज काय आहे हे ठरत नाही. 'फिल्ड विथ वॉटर' म्हणजे पाण्याने भरलेला. 'अँग्री विथ मी' म्हणजे माझ्यावर रागावलेला. 'कट विथ अ नाइफ' म्हणजे सुरीने कापलेलं. 'विरुद्ध' हा अर्थ कळून यातलं एक तरी वाक्य मुलाला जमेल का?

माझ्याकडची एक मुलगी दरवेळी लिहिते, 'माय सिस्टर गॉट मॅरीड विथ अ डॉक्टर'. मनात 'डॉक्टरशी लग्न' असतं म्हणून. तिथे 'टू' हवं. इतिहास सांगून ही चूक जात नाही, 'मॅरीड टू' पन्नासदा तोंडून वदवून घेतल्यावर जाते.

नदीकाठचा
ताई, चुकीचं कारण तुम्हीच सांगितलंत की! सगळं त्या 'शी'मध्ये आहे. भांडण शेजाऱ्याशी, मैत्रीही शेजाऱ्याशी. लग्न तिच्याशी, वैरही तिच्याशीच. दोघं समोरासमोर आले की मराठीत 'शी' येतो, मग ते गळ्यात पडोत की गळा धरोत. सर, जुन्या इंग्रजीपर्यंत कशाला जायचं? मुलीला एवढंच सांगा: मोगलांशी लढले आणि महाराजांसोबत लढले. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'विथ'. तिला लगेच कळेल.

फळा_खडू
हे मला सुचायला हवं होतं. पण आता वर्गातली मुलंच 'माझ्यासोबत भांडला', 'त्याच्यासोबत बोलू नकोस' म्हणतात. हिंदीतल्या 'के साथ'ची ही सवय. त्यांच्या तोंडचा 'शी' गेला तर हा फरक समजावणार कसा?

शिकवणीवाली_ताई
मग इंग्रजीत 'मिड' गेला तेव्हा काय बिघडलं? उत्तर आणि पूर्व इंग्लंडात नवव्या शतकापासून डेन, म्हणजे डेन्मार्ककडचे लोक वसले. त्यांच्या भाषेत 'विथ'च्याच जोडीच्या शब्दाला 'विरुद्ध' आणि 'सोबत' असे दोन्ही अर्थ होते आणि त्याचा परिणाम इंग्रजीवर झाला असावा, असं अभ्यासक मानतात. शेजारच्या भाषेमुळे शब्द बदलतात. मुलांना त्यासाठी टोकू नये.

नदीकाठचा
बिघडलं ना, ताई. 'फॉट विथ' वाचून ती मुलगी अडली ती त्यामुळेच. इंग्रजांना आता 'अगेन्स्ट' नाहीतर 'अलाँगसाइड' लिहून खुलासा करावा लागतो. आपल्याकडे एका अक्षरात हे काम होतंय. ते अक्षर मी तरी सहज सोडणार नाही. माझा मुलगा 'बाबांसोबत बोलतो' म्हणाला की मी 'बाबांशी' म्हणतो. रागावत नाही, फक्त पुन्हा म्हणतो.

शिकवणीवाली_ताई
हे मान्य. पण 'मॅरीड टू' मी पाठच करून घेणार.