मदत हवी आहे: राष्ट्रपती आणि पडून राहिलेलं विधेयक, कलम ७४ आणि १११ चा मेळ कसा घालायचा?

मंडळी, पुढच्या आठवड्यात आमच्या वाचनगटात मला भारताच्या राष्ट्रपतिपदावर बोलायचं आहे. तयारी बरीचशी झाली, पण एका जागी घोडं अडलंय.

सुरुवात ४ नोव्हेंबर १९४८ च्या डॉ. आंबेडकरांच्या भाषणाने करणार आहे. राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधी, पण राज्य चालवणारे नव्हेत, असं सांगून त्यांनी या पदाला राष्ट्राचे निर्णय जाहीर करणाऱ्या मुद्रेवरच्या चिन्हाची उपमा दिली. आपण सर्रास 'रबरी शिक्का' म्हणून मोकळे होतो, ते मला मनापासून खटकतं. मुद्रा उमटल्याशिवाय कागदाला मोल नसतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

कलम ७४ (राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं, हे सांगणारं) समजलं. हा सल्ला ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) स्पष्टपणे बंधनकारक झाला. ४४व्या दुरुस्तीने (१९७८) तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा मिळाली. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये ती वापरली: उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस परत पाठवली आणि गुजराल सरकारने ती सोडून दिली.

कोडं आहे ते कलम १११ चं, म्हणजे संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राष्ट्रपतींनी संमती देण्याचं, न देण्याचं किंवा ते परत पाठवण्याचं. कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं (खासदारकी न जाता कोणती सरकारी पदं सांभाळता येतील ते ठरवणारं) विधेयक परत पाठवलं, संसदेने ते पुन्हा मंजूर केलं, त्यांनी सही केली. इथवर सरळ आहे. पण त्यांच्या आधीचे एक राष्ट्रपती, झैलसिंग? १९८६ च्या टपाल विधेयकात लोकांची पत्रं मध्येच अडवून पाहायचा अधिकार सरकारला मिळत होता. त्यांनी सही केली नाही, परतही पाठवलं नाही. जुलै १९८७ मध्ये कार्यकाळ संपला तरी कागद तसाच पडून!

मग मंत्रिमंडळाला संमती हवी असताना नुसतं गप्प राहणं हा कलम ७४ चा भंग नाही का? की १११ मध्ये मुदतच दिलेली नाही, म्हणून भंग झाला असं म्हणता येत नाही? आणि विधेयक परत पाठवणं हा राष्ट्रपतींचा स्वतःचा निर्णय मानायचा, की त्यालाही सल्ला लागतो? घटनेच्या अभ्यासकांनी किंवा वकील मंडळींनी जरा उलगडून सांगावं. निवाडा ठाऊक असेल तर नाव जरूर द्या, मूळ वाचायची तयारी आहे.

जाता जाता: पाठ्यपुस्तकातला 'नामधारी प्रमुख' हा शब्द मला तोकडा वाटतो. दुसरा कुठला सुचतो का?